धूर, अग्नी आणि ओलं सरपण : असामान्य अतिनवताऱ्यांची मापं



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला प्रश्न लिहून पाठवला. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं की कुठल्याशा दीर्घिकेत एक तारा फुटला आणि सूर्याच्या अमुक पट द्रव्य बाहेर फेकलं गेलं. त्यांचं म्हणणं असं : "तिथे कोणी गेलं नाही, कोणी जाणार नाही. दिसतो तो प्रकाशाचा एक ठिपका. मग वजन केलं ते कोणत्या तराजूत?"

प्रश्न इतका नेमका होता की त्याचं उत्तर चार ओळींत मावेना. म्हणून आजचं सगळं व्याख्यान त्यालाच दिलं आहे. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, खगोलशास्त्र नाही. दुर्बिणीला डोळा लावण्यापेक्षा डोळा लावणाऱ्यांचे युक्तिवाद वाचण्यात आमचा वेळ अधिक गेला. तेव्हा विषय ताऱ्यांचा असला तरी आमचं लक्ष राहील ते अनुमानावर.

अनुमान म्हटलं की आपल्याकडे डोंगरावरचा धूर आलाच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे सर्वांना पाठ असतं. पण नैयायिकांनी याच उदाहरणाची उलटी बाजूही तपासली होती, आणि ती वर्गात बहुधा घाईत उरकली जाते. आम्हीही पुष्कळ वर्षं घाईतच उरकली, हे कबूल केलं पाहिजे. समजा कोणी म्हणालं, "डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणारच." हे अनुमान चुकतं. का? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला सरपण ओलं असावं लागतं. हे 'ओलं सरपण' म्हणजे बोलणाऱ्याने न सांगितलेली अट. न्यायशास्त्रात तिला 'उपाधी' म्हणतात. उपाधी लपून राहते तोवर अनुमान खरं वाटत राहतं, कारण नेहमीच्या चुलीत सरपण थोडंफार ओलं असतंच. लोखंडाचा गोळा समोर येतो तेव्हा ती अट उघडी पडते.

अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा, याच्या मापनाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आम्हाला असाच दिसतो. नेहमीच्या स्फोटांनी आपल्याला सूत्रं दिली आणि असामान्य स्फोटांनी त्या सूत्रांतलं ओलं सरपण दाखवून दिलं.

पहिली गोष्ट १८८५ सालची. ऑगस्ट महिन्यात देवयानीच्या तेजोमेघात, आज जिला आपण देवयानी दीर्घिका म्हणतो तिच्यात, मध्यभागाजवळ एक नवा तारा दिसला. तो जवळजवळ सहाव्या प्रतीपर्यंत तेजस्वी झाला, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसण्याच्या उंबरठ्यावर आला, आणि मग भराभर मंदावला. त्या काळी 'नवतारा' हा एकच प्रकार माहीत होता. त्यामुळे हाही नवताराच, हे सर्वांनी धरून चालायचं असंच ठरल्यासारखं होतं.

पस्तीस वर्षांनी, एप्रिल १९२० मध्ये, वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हीबर कर्टिस यांच्यात तो प्रसिद्ध वाद झाला. देवयानीसारखे सर्पिल तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतले की बाहेरची स्वतंत्र विश्वं? या प्रश्नात शॅप्लींच्या बाजूला १८८५ चा तारा होता. त्यांचा हिशेब सरळ होता. देवयानी खरोखर लाखो प्रकाशवर्षं दूर असेल, तर त्या एकट्या ताऱ्याचं तेज कोट्यवधी सूर्यांइतकं निघतं. असा नवतारा कोणी पाहिलेला नाही. म्हणून देवयानी इतकी दूर नाही.

यात गणिताची चूक शोधून सापडणार नाही. चूक होती ती एका न बोललेल्या वाक्यात : 'सगळे नवतारे एकाच जातीचे असतात.' कर्टिस यांनी नवताऱ्यांचे दोन वर्ग असणं अशक्य नाही, असं नोंदवून ठेवलं होतं. त्या वेळी ती पळवाट वाटली असेल. पण १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीत एक रूपविकारी तारा सापडला, त्यावरून अंतर काढता आलं, आणि देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेर गेली ती गेलीच. आज तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात. त्या हिशेबाने १८८५ चा तारा ऐन भरात असताना अब्जाहून अधिक सूर्यांइतका तेजस्वी होता. शॅप्लींना जे अशक्य वाटलं, तेच खरं होतं, किंबहुना त्याहून जास्त.

१९३४ मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी या दुसऱ्या जातीची ठाम मांडणी केली. न्यूट्रॉन सापडून जेमतेम दोन वर्षं झाली होती, तरी त्यांनी लिहून टाकलं की असा स्फोट म्हणजे साध्या ताऱ्याचं न्यूट्रॉन ताऱ्यात होणारं रूपांतर असावं. १९४१ मध्ये रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी वर्णपट पाहून अतिनवताऱ्यांचे दोन प्रकार केले : वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा नसलेला पहिला, असलेला दुसरा. आजच्या सगळ्या पोटजाती या दोन फांद्यांवरच वाढल्या आहेत.

आता दुसरी गोष्ट. ही आम्हाला फार आवडते, कारण हिच्यात हुशार माणसं चुकतात आणि ती कशी चुकतात हे नीट दिसतं.

१९३७ मध्ये झ्विकींना एक तेजस्वी अतिनवतारा सापडला. बाडे यांनी तो मंदावत असताना सहाशेहून अधिक दिवस त्याचा माग काढला. त्यांना असं दिसलं की सुरुवातीचा भर ओसरल्यावर त्याचं तेज दर ५५ दिवसांनी निम्मं होतं. ठरावीक काळात निम्मं होणं म्हटलं की कोणालाही किरणोत्सारी पदार्थ आठवणारच. पण कोणता? नोव्हेंबर १९५२ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरात हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिच्या अवशेषांत कॅलिफोर्नियम-२५४ हे समस्थानिक मिळालं आणि त्याचं अर्धायुष्य त्या वेळच्या मोजणीत निघालं ५५ दिवस! १९५६ मध्ये बाडे, बर्बिज दांपत्य, फाउलर, क्रिस्टी आणि हॉइल अशा मातब्बरांनी मांडलं की अतिनवताऱ्याचा प्रकाश कॅलिफोर्नियमचा.

आकडा आकड्याशी जुळला. आणि कारण मात्र चुकलं.

१९६२ मध्ये टायटस पँकी यांनी आपल्या प्रबंधात निकेल-५६ सुचवलं. १९६९ मध्ये कोलगेट आणि मॅकी यांनी ती कल्पना नीट उभी केली. स्फोटाच्या भट्टीत निकेल-५६ तयार होतं. ते सुमारे ६ दिवसांत निम्मं होत कोबाल्ट-५६ बनतं. कोबाल्ट सुमारे ७७ दिवसांत निम्मं होत लोखंड बनतं. आपल्या रक्तातल्या आणि तव्यातल्या लोखंडाचा मोठा भाग या वाटेने आला आहे. आपण विचाराल, मग ७७ ऐवजी ५५ दिवस का दिसले? कारण फेकलेलं द्रव्य दिवसेंदिवस विरळ होतं. कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण त्यात अडकले तरच त्यांची उष्णता आणि मग प्रकाश होतो. द्रव्य विरळ झालं की काही किरण तसेच निसटतात आणि तेज कोबाल्टपेक्षा लवकर उतरतं. गळक्या हंड्यातलं पाणी पाहून नळ किती धारेने चालू आहे हे सांगायचं असेल, तर आधी गळती मोजायला हवी. ती मोजली नव्हती, म्हणून ५५ चा जोडीदार ५५ मध्येच शोधला गेला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : तराजू कोणता?

१९८२ मध्ये डेव्हिड आर्नेट यांनी हा तराजू सुटसुटीत करून दिला. त्याची तीन पारडी आहेत असं समजा.

पहिलं पारडं तेजाचं. तेज ऐन भरात असतं त्या दिवशी बाहेर पडणारा प्रकाश आणि आत किरणोत्सारातून तयार होणारी ऊर्जा जवळजवळ सारखी असते. म्हणजे भराचं तेज मोजलं की निकेल किती ते कळतं. नेहमीच्या पहिल्या-अ प्रकारच्या स्फोटात ते सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ०.६ पट भरतं आणि तेज साधारण ३ अब्ज सूर्यांइतकं असतं.

दुसरं पारडं वेगाचं. आपल्याकडे येणाऱ्या वायूतल्या रेषा वर्णपटात निळ्या बाजूला सरकतात. किती सरकल्या यावरून वेग कळतो. सेकंदाला १०,००० किलोमीटर हा इथला रोजचा आकडा आहे.

तिसरं पारडं वेळेचं. यात्रेच्या गर्दीत मध्यभागी अडकलेला माणूस आठवा. गर्दी जितकी दाट आणि मोठी, तितका त्याला बाहेर यायला वेळ. पण गर्दी स्वतःच पांगत असेल, तर तो लवकर सुटतो. प्रकाशाचं तसंच आहे. स्फोटापासून भर येईपर्यंत किती दिवस लागले यावरून द्रव्य किती हे काढता येतं. वेग तोच ठेवून हा काळ दुप्पट झाला, तर द्रव्य चौपट निघतं. आणि द्रव्य व वेग हाती आले की गतिज ऊर्जा म्हणजे शाळेतलंच गणित.

ऊर्जेसाठी आपण आज एक घरगुती एकक घेऊ. सूर्य आपल्या सुमारे १००० कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढा प्रकाश देईल, त्या ऊर्जेला 'एक सूर्यायुष्य' म्हणू. नेहमीच्या अतिनवताऱ्यातून उडणाऱ्या द्रव्याची गतिज ऊर्जा साधारण एक सूर्यायुष्य असते.

तराजू असा साधा आहे. पण त्यात तीन अटी गुपचूप बसल्या आहेत. स्फोट सगळ्या बाजूंनी सारखा, गोल आहे. प्रकाश फक्त निकेलचा आहे. आणि द्रव्याची अपारदर्शकता आपल्याला ठाऊक आहे. ही झाली तीन ओली सरपणं. यांची परीक्षा पुढे कशी झाली ते बघा.

फेब्रुवारी १९८७. मोठ्या मॅगेलनी मेघात, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, तारा फुटला. चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन यांना तो छायाचित्रावर दिसला. १६०४ नंतर नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसलेला हा पहिला अतिनवतारा. त्या वेळी आम्ही तरुण प्राध्यापक होतो आणि बातमी वाचून गच्चीवर जायचा मोह झाला होता. पण महाराष्ट्रातून तो भाग दक्षिण क्षितिजाला इतका चिकटून जातो की दिसण्याची आशा नव्हती. असो.

या स्फोटाने दोन धक्के दिले. पहिला असा की फुटलेला तारा कोणता हे जुन्या छायाचित्रांवरून सापडलं, आणि तो निघाला निळा महाराक्षसी तारा. असे स्फोट फुगलेल्या तांबड्या ताऱ्यांचे होतात, अशी अपेक्षा होती. निळा तारा आकाराने बराच लहान. लहान ताऱ्याच्या स्फोटाची सुरुवातीची उष्णता फुगण्यातच खर्च होते. म्हणून हा अतिनवतारा अपेक्षेपेक्षा मंद राहिला आणि त्याला भर यायला जवळजवळ तीन महिने लागले. नुसतं सुरुवातीचं तेज पाहून कोणी 'दुबळा स्फोट' असा शेरा मारला असता, तर तो चुकला असता. ऊर्जा नेहमीइतकीच, साधारण एक सूर्यायुष्याच्या घरात होती. ताऱ्याचा आकार ही उपाधी होती.

दुसरा धक्का मात्र सुखद होता. भर ओसरल्यावर तेज उतरू लागलं ते ७७ दिवसांच्या अर्धायुष्यानेच. इथे फेकलेलं द्रव्य भरपूर होतं, हंडा गळत नव्हता. त्यावरून निकेल निघालं सूर्याच्या ०.०७ पट. आणि त्याच वर्षी एका उपग्रहाने कोबाल्ट-५६ चे ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण प्रत्यक्ष टिपले. म्हणजे धुरावरून अग्नी सांगितला होता आणि मग कोणीतरी डोंगर चढून निखारा दाखवला.

शिवाय प्रकाश पोहोचण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघ इथल्या भूमिगत उपकरणांत अवघ्या १३ सेकंदांच्या आसपास दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले होते. त्या दोन डझनांवरून एकूण ऊर्जा निघाली अडीचशे सूर्यायुष्यांच्या आसपास. म्हणजे आपण ज्याला स्फोट म्हणतो, ती गतिज ऊर्जा, एकूण खर्चाचा शेकडा एक भागसुद्धा जेमतेम. बाकी सगळं न्यूट्रिनोंनी नेलं. इतकी ऊर्जा म्हणजे आत न्यूट्रॉन तारा जन्मला असला पाहिजे. पण तो दिसेना. सदतीस वर्षांनी, २०२४ मध्ये, जेम्स वेब दुर्बिणीने अवशेषाच्या मध्यात आयनीभूत आर्गॉन आणि गंधकाच्या रेषा पाहिल्या. त्या तिथे न्यूट्रॉन तारा असल्याची प्रबळ खूण मानल्या जातात. बाडे-झ्विकींचं वाक्य आणि ही खूण यांत ९० वर्षांचं अंतर आहे. अनुमानाला धीर लागतो, तो असा.

आता गोलाईच्या अटीकडे येऊ. २५ एप्रिल १९९८ रोजी एका उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत टिपला. त्या दिशेला थोड्याच दिवसांत एक अतिनवतारा सापडला, १९९८ बीडब्ल्यू. वर्णपटातल्या रेषा विलक्षण रुंद, म्हणजे वेग विलक्षण मोठे. गोल स्फोट धरून तराजूत टाकल्यावर गतिज ऊर्जा आली २० ते ५० सूर्यायुष्यं आणि निकेल सूर्याच्या सुमारे ०.७ पट. त्याला 'हायपरनोव्हा' म्हटलं गेलं.

त्याच स्फोटाकडे रेडिओ दुर्बिणीने पाहणाऱ्या गटाचे प्रमुख होते श्रीनिवास कुलकर्णी, कुरुंदवाडला जन्मलेले. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. रेडिओचं तेज इतकं होतं की ते एवढ्याशा जागेतून यायचं तर ती जागा अशक्य प्रखर ठरते. म्हणून जागा मोठी असली पाहिजे. पण स्फोट होऊन थोडेच दिवस झालेत. एवढ्या दिवसांत एवढी मोठी व्हायची तर द्रव्याचा सर्वांत बाहेरचा थर प्रकाशवेगाच्या जवळ जाणाऱ्या वेगाने धावला पाहिजे. वजनाचा आकडा त्यांनी दिला नाही. पण अतिनवतारा आणि गॅमा झोत यांचं नातं जोडायला हा पुरावा फार मोलाचा ठरला.

मग २० ते ५० सूर्यायुष्यांचं काय झालं? काही संशोधकांनी विचारलं, स्फोट गोल कशावरून? दोन टोकांना जास्त जोर असेल आणि त्यातलं एक टोक आपल्याकडे वळलेलं असेल तर? १९९९ च्या एका अशा प्रतिमानात ऊर्जा सुमारे २ सूर्यायुष्यांपर्यंत खाली आली. २००२ मध्ये, पुढच्या काळातले वर्णपट जमेस धरून केलेल्या दुसऱ्या प्रतिमानात ती सुमारे १० ठरली आणि निकेल ०.४. निरीक्षण तेच, तारा तोच. अट बदलली आणि उत्तर २ पासून ५० पर्यंत हिंडून आलं. 'हायपरनोव्हाची ऊर्जा ५०' असं नुसतं वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

इथे एक गैरसमज होऊ शकतो, तो लगेच दूर करू. प्रत्येक अट इतकी घातक नसते. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २००९ बीबी हा आणखी एक असामान्य अतिनवतारा तिने आणि अमेरिकेतल्या व्हीएलएने पाहिला. अ‍ॅलिशिया सोडरबर्ग आणि सहकाऱ्यांनी, त्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संशोधकही होते, २०१० मध्ये दाखवलं की याचं बाहेरचं द्रव्य प्रकाशवेगाच्या जवळ जातं आहे, आणि तरी गॅमा झोत टिपला गेलेला नाही. पद्धत अशी : कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी उगमातच शोषल्या जातात. हे शोषण कोणत्या कंप्रतेला संपतं आणि तिथे तेज किती, यावरून आकार कळतो. आकाराला दिवसांनी भागा, वेग मिळाला. यातही एक अट आहे : इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यात ऊर्जेची वाटणी कशी झाली? पण गंमत अशी की ही वाटणी बरीच चुकली तरी आकाराचं उत्तर अगदी थोडं हलतं. म्हणजे अट असणं हा दोष नाही. अट हलली की उत्तर किती हलतं, हे सांगितलेलं असावं.

शेवटची गोष्ट 'प्रकाश फक्त निकेलचा' या अटीची. तिच्यासाठी थोडं मागे, १९३० मध्ये जावं लागेल. त्या वर्षी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला शिकायला निघाले. प्रवासात त्यांनी जे गणित सुरू केलं, त्यातून पुढे असं निघालं की श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा आहे. ती सूर्याच्या सुमारे १.४ पट. पहिला-अ प्रकारचा स्फोट हा श्वेत बटूचा स्फोट. पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षं असं शिकवलं गेलं की सगळे श्वेत बटू याच मर्यादेजवळ येऊन फुटतात, म्हणून सगळ्यांचं तेज जवळजवळ सारखं, म्हणून ते विश्वाची अंतरं मोजायचे प्रमाण दिवे.

आणि २००३ मध्ये हवाई बेटांवरून चाललेल्या एका शोधमोहिमेत २००३ एफजी सापडला. त्याचा प्रकाश सुमारे ३ अब्ज वर्षं प्रवास करून आला होता. तेज नेहमीच्या दुपटीहून अधिक. आर्नेटच्या तराजूत निकेलच निघालं सूर्याच्या १.३ पट. बाकीची मूलद्रव्यं वर्णपटात दिसत होतीच, ती धरून एकूण सुमारे २.१. म्हणजे मर्यादा ओलांडली! शिवाय वेग नेहमीपेक्षा कमी होता. जड तारा स्वतःला घट्ट धरून असतो, त्याला उसवण्यात ऊर्जा जास्त खर्च होते, हेही जुळत होतं. २००६ मध्ये अँडी हॉवेल आणि सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

चंद्रशेखर चुकले का? नाही. त्यांची मर्यादा न फिरणाऱ्या, एकट्या, स्थिर ताऱ्याची. वेगाने फिरणारा तारा किंवा एकमेकांत मिसळणारे दोन श्वेत बटू यांना ती तशीच लागू होत नाही. हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग तराजूवरच संशय घेतो : स्फोट मध्यापासून बाजूला सरकलेला असेल तर एका दिशेने तेज जास्त दिसेल, किंवा ताऱ्याभोवती कार्बनयुक्त द्रव्याचं वेष्टन असेल तर त्याच्यावर आदळूनही प्रकाश निघेल. तसं असेल तर निकेल १.३ नाहीच. पुढे या जातीचे आणखी अतिनवतारे सापडले आणि दोन्ही मार्गांवर काम चालू राहिलं.

आता आपण म्हणाल, एका दूरच्या ठिपक्यात निकेल जास्त की कमी, याने आपलं काय बिघडतं? बिघडतं मंडळी. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी सांगितलं की विश्वाचं प्रसरण दिवसेंदिवस वेग घेत आहे. या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. तो शोध पहिल्या-अ प्रकारच्या अतिनवताऱ्यांवर उभा आहे. हे दिवे सारखे नसतील, तर विश्वाचा हिशेबच डळमळेल.

आणि ते सारखे नाहीतच! हे १९९१ मध्येच कळलं होतं. त्या एका वर्षात दोन अतिनवतारे दिसले. १९९१ टी नेहमीपेक्षा तेजस्वी, तर १९९१ बीजी निळ्या प्रकाशात नेहमीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका. 'सगळे दिवे एकसारखे' ही अट तिथेच मोडली. पण ती मोडली म्हणूनच मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये नीट तपासून दाखवलं की जो सावकाश मंदावतो तो मुळात अधिक तेजस्वी असतो. हे नातं हाती आल्यावर प्रत्येक दिव्याची दुरुस्ती करता आली, आणि त्या दुरुस्तीशिवाय १९९८ चा निष्कर्ष निघालाच नसता. २००३ एफजीसारखे स्फोट मात्र या नात्यातही नीट बसत नाहीत. म्हणून ते ओळखून मोजणीतून वेगळे काढावे लागतात, आणि ओळखायचे तर आधी त्यांचं वजन-माप घ्यावं लागतं. विश्वाच्या वेगाची खात्री अशी या विचित्र ठिपक्यांच्या मापाशी येऊन टेकते.

१८८५ च्या ताऱ्याने चांगल्या विद्वानाला चुकीच्या विश्वात ठेवलं, कारण त्याचा विचित्रपणा कोणी ओळखला नव्हता. १९९१ च्या दोन ताऱ्यांनी विश्वाचा वेग दाखवायला मदत केली, कारण त्यांचा विचित्रपणा वेळेत ओळखला गेला.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या आमच्या श्रोत्यांना उत्तर असं. तराजू आहे, तो चांगला आहे, आणि निदान एकदा तरी निखारा हातात घेऊन तपासलेला आहे. पण यापुढे वर्तमानपत्रात 'सूर्याच्या दोन पट' असं वाचाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. अंतर कशावरून काढलं? स्फोट गोल धरला का? आणि प्रकाश निकेलचाच, हे कशावरून? उत्तर मिळालं नाही तर आकडा खोटा ठरत नाही. तो अर्धा सांगितलेला असतो, इतकंच.

वर्गात हे उदाहरण घाईत उरकत होतो तेव्हा आम्हालाही आकडा म्हणजे ज्ञान वाटायचं. आता वाटतं की आकडा आणि त्याची अट मिळून ज्ञान होतं. नैयायिकांनी हे चुलीपाशी बसून सांगून ठेवलं होतं. ते पटायला आम्हाला तारे फुटावे लागले.

 आपले प्रश्न असतील तर जरूर लिहून पाठवा. मागच्या प्रश्नासारखा एखादा आला, तर पुढचं व्याख्यानही आपलंच.